बुडीतातलं परडं

वसाहतीतली पोरंटोरं धोंडुबाईच्या घराला ‘रेशन दुकान’ म्हणत. तिच्या माघारी हं. तोंडावर म्हणायची कुणाची टाप होती! बाई पासष्टी ओलांडलेली, अंगानं वाळकी काटकी, पण आवाज असा की त्यापुढं कारखान्याचा भोंगा परवडला.

नाव ठेवणाऱ्यांचं फार चुकत नव्हतं म्हणा. घरात शिरलं की सोप्याच्या आढ्यापासून माजघरापर्यंत काही ना काही टांगलेलं, बांधलेलं, झाकलेलं. वाळवलेली गवारी, वांग्याच्या फोडी, कोहळ्याचे सांडगे, मीठ लावून उन्हात धरलेल्या मिरच्या, चिंचेचे गोळे. ज्वारीत निर्गुडीचा पाला, डाळीत बिब्बे. परड्यातल्या छपरात दोन पावसाळे निघतील एवढं जळण. गॅसची टाकी होती घरात, सुनेनं हट्टानं घ्यायला लावलेली. पण धोंडुबाईचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. “संपली की बसा बोंबलत,” असं ती त्या टाकीकडं बघूनच म्हणायची.

महापुरात हायवेवर पाणी आलं आणि कोल्हापूर सगळीकडून तुटलं, तेव्हा वसाहतीत ना भाजी पोचली ना गॅस. हीच हसणारी माणसं पातेली घेऊन तिच्या दारात उभी राहिली. तिनं एकालाही माघारी धाडलं नाही. फक्त वाढताना प्रत्येकाची खरडपट्टी काढली.

“हसत हुतासा न्हवं? घ्या आता रेशन! आणि पातेलं घासून आणायचं ठाव न्हाय व्हय गं तुला?”

ही खोड तिला जन्मजात नव्हती. ती लावली धरणानं. डोंगरातल्या खोऱ्यात तिचं गाव होतं, भाताचं, नाचणीचं. धरण झालं, गाव बुडीत गेलं, आणि ट्रकात भरून आणलेली माणसं कागलकडच्या या उसाच्या सपाट मुलखात पत्र्याच्या शेडांत आणून सोडली. पहिल्याच पावसाळ्यात घरात दाणा उरला नाही. बाळासो तेव्हा मांडीवरचा. तो भुकेनं रडायला लागला तशी ती रस्त्यापलीकडच्या जुन्या गावात गेली आणि एका दारात उभी राहून वाटीभर डाळ मागितली. त्या घरच्या बाईनं आत बघून हाळी दिली, “धरणवाले आले बगा मागाय!” डाळ दिली, नाही असं नाही. धोंडुबाईनं ती घेतलीसुद्धा. घेतली, याचंच तिला पुढं जन्मभर वाईट वाटत राहिलं. त्या दिवसापासून तिनं कुणापुढं हात पसरला नाही. शेजारणीकडून कधी विरजण आणलं नाही की चुलीला काडेपेटी मागितली नाही.

गाव सोडताना लोकांनी तुळया आणल्या, दारं-चौकटी आणल्या, देव आणले. धोंडुबाईनं वाळलेल्या भोपळ्यात राख भरून त्यात घेवड्याचं बी आणलं होतं. बाजारात मिळतो तो घेवडा नव्हे हा. टपोरा दाणा, पांढऱ्यावर जांभळे ठिपके, शेंग चांगली वीतभर. सासूनं तिच्या ओटीत घातलेला, सासूला तिच्या सासूनं दिलेला. बाकीच्यांचं बी त्या धांदलीत गेलं. कुणाचं भिजलं, कुणाचं उंदरांनी खाल्लं. मग सगळे दुकानातल्या पुड्यांवर आले. ठिपक्याचा घेवडा उरला तो एका धोंडुबाईकडं. मागायला पुष्कळजणी आल्या. ती उसळ देई, शेंगा देई, बी देत नसे. “तुमी शिजवून खातासा,” म्हणायची. “तुमच्या हातात बी ऱ्हातंय व्हय!”

आणि तिचा एक नियम होता. निम्मं पेरायचं, निम्मं ठेवायचं. पीक बुडालं, जळालं, चोरीला गेलं, काहीही झालं तरी भोपळ्यात निम्मं असलंच पाहिजे. तीसेक वर्षं तिनं हा नियम मोडला नव्हता.

आता कुणी विचारील की जमीन तर धरणानं खाल्ली, मग ही पेरते कुठं? वसाहतीतल्या घरामागं जागा होती खोलीएवढी, तीही खारवट. धोंडुबाईचा खरा मळा होता धरणातच. माघ सरताना धरणाचं पाणी उतरायला लागतं आणि काठची जमीन उघडी पडते. वर्षभर पाण्याखाली निजलेला गाळ, काळाभोर, मऊ. त्याला खताची गरज नाही की पाटाच्या पाण्याची. आतली ओलच पीक काढून देते. त्याला गाळपेर म्हणतात. पाणी चार हात मागं सरलं की एक पट्टा पेरायचा. अजून सरलं की पुढचा. पाण्याच्या मागं मागं उतरत जायचं. वरच्या पट्ट्यात गवारी तोडायला येते, मधल्यात काकडी फुलावर असते, खालच्यात नुसते कोंब. मग जूनमध्ये पाणी चढायच्या आत सगळं आवरून वर निघायचं.

मालक गेल्यापासून धोंडुबाई एकटीच जायची. एसटीनं धरणापर्यंत, पुढं डोक्यावर बोचकं घेऊन चालत. गवताची खोप घालायची आणि तीन महिने तिथंच राहायचं. शेजारी दुसरी खोप केरबाची. केरबा तिच्या नवऱ्याच्या भावकीतला, सत्तरीचा गडी, बायको मेलेली, पोरं पुण्याला. दोघांचं रोज भांडण आणि रोज संध्याकाळी एकाच चुलीवरची भाकरी. बाळासोला हे पटत नसे. तो गोकुळ शिरगावला फौंड्रीत होता, बरं मिळवत होता.

“आई, मंडईत सगळं मिळतंय की,” तो म्हणायचा. “या वयात त्या चिखलात मरायचं हाय व्हय तुला?”

“मंडई बुडाली म्हंजे?” ती विचारायची. त्यावर तो बिचारा तिचं बोचकं उचलून एसटीपर्यंत सोडायला निघायचा, कारण मंडई बुडालेली त्यानं डोळ्यांनी बघितली होती.

यंदा मात्र नवल घडलं. धरणाच्या दारांची दुरुस्ती निघाली आणि पाणी नेहमीपेक्षा कितीतरी खाली नेलं. फाल्गुन लागला तेव्हा देवळाचा चौथरा बाहेर आला. मग चावडीपुढच्या चिंचेचं खोड. पाणी आणखी सरत होतं. एके दिवशी सकाळी केरबा चिखल तुडवत तिच्या खोपीकडं पळतच आला. सत्तरीचा माणूस, धाप लागलेली.

“वैनी, चल. तुजं घर वर आलंय.”

धोंडुबाई तशीच उठून गेली. घर कसलं, जोत्याचे दगड होते, शेवाळलेले. उंबऱ्याची जागा, चुलीची जागा. आणि मागं परडं. दहा पावलांचं चौकोनी परडं, चारी बाजूंनी दगडाचा गडगा अजून तसाच. कोपऱ्यात धुण्याची शिळा. याच परड्यात लग्नानंतर पहिल्यांदा सासूनं तिच्या हातात खुरपं दिलं होतं, इथंच घेवड्याचा मांडव असायचा, आणि मांडवाखाली बाळासोचा पाळणा. तिनं गडग्यावर हात ठेवला. चिखलात फतकल मारून बसली आणि ढसाढसा रडली. केरबा तोंड फिरवून तंबाखू मळत उभा राहिला.

रडून झाल्यावर डोळे पुसत ती म्हणाली, “हितंच लावणार घेवडा.”

“खुळी का काय तू? तळाची जागा ही. पाणी पयलं हितं येणार.”

“जूनपातुर कुठलं पाणी येतंय? तवर शेंगा वाळत्यात.”

“मग लाव की. निम्मं लाव.”

इथं ती अडखळली. तिच्या मनात एक गोष्ट गेली दोन-तीन वर्षं सलत होती. घेवडा उतरत चालला होता. दाणा बारीक येत होता, दहा टोचले तर सहाच उगवत होते. वरच्या पट्ट्यात तो कधी रमलाच नाही, असं तिचं मत. बी थकलंय, त्याला त्याची माती पाहिजे, एकदा घरच्या परड्यात रुजलं की पुन्हा उभं राहील, हे तिच्या डोक्यानं त्या सकाळी पक्कं घेतलं. आता हे खरं की खोटं हे शेतकी खात्याला विचारा. पण जिचं सगळंच मुळापासून उपटलं गेलं, तिला बियाचंही तसंच वाटलं तर तिला हसू नये.

तिनं वसाहतीत जाऊन भोपळा आणला. आणि सगळं बी लावलं. राखेसकट उपडा करून शेवटचा दाणासुद्धा. केरबा गडग्यावर बसून बघत होता.

“वैनी, नेम मोडतीस.”

“गप बस. ही जागा पुन्ना वर येईल का माज्या जल्मात?”

केरबा गडग्यावरनं उठला. त्यानं वरून निलगिरीच्या काठ्या आणून मांडव घालून दिला.

आणि काय सांगावं, घेवडा असा आला! टोचला तेवढा उगवला. पाडव्यापर्यंत वेल काठ्यांना भिडले, पानं तळहाताएवढी. धोंडुबाईचं बाकी पट्ट्यांकडं लक्षच उडालं. गवारी निबर झाली, काकडीवर कोल्हे पडले, ही आपली परड्यात. तिथंच बसायची, तिथंच भाकरी खायची, वेलांशी बोलायची. दगडांच्या रेघांमध्ये चूल होती तिथंच तीन दगड मांडून ती चहा करू लागली. केरबाला हे बघून भीती वाटे. तो तसं बोलूनही दाखवी. “बुडालेल्या घरात माणूस ऱ्हात न्हाय, वैनी.” पण ती ऐकेल तर धोंडुबाई कसली.

पाडव्याला बाळासो आणि सून मोटरसायकलवरनं आली. सून संयोगिता जयसिंगपूरची, किराणा दुकानदाराची लेक. लग्नाला नऊ-दहा वर्षं झालेली. मनानं चांगली, हातानं उरकाची, सासूच्या तोंडाला भिऊन असलेली. तिनं पुरणपोळीचा डबा आणला होता. परडं बघून ती हरखली. एक वेल काठीवरनं सुटून लोंबत होता, तो वर चढवायला तिनं हात लावला.

“हात लावू नगंस!” धोंडुबाई कडाडली. “मोडतीस कोंब. तुला काय कळतंय त्यातलं?”

“मी शिकतो की, आत्ती. सांगा तर.”

“बियाचं काम हाय हे. तू आपली भाजी चीर जा.”

असं ती नेहमीच म्हणायची. राखेत बी घोळायचं, भोपळ्याला बूच लावायचं, शेंगा निवडायच्या, यातलं काहीही तिनं सुनेला कधी करू दिलं नव्हतं. सुनेला कमी लेखत होती अशातला भाग नाही. कुणावर अवलंबून राहायचं नाही म्हणता म्हणता कुणाला हाताशी घ्यायचंही तिच्यानं होत नसे, एवढंच. संयोगिता हिरमुसली आणि खोपीत जाऊन डबे उघडू लागली. बाळासोला आईचा राग आला होता. पण सणाचा दिवस म्हणून तो राग गिळून केरबाच्या खोपीकडं गेला.

वैशाख लागला. शेंगा भरल्या. चांगल्या वीतभर, मधे मधे फुगीर, आतल्या दाण्याचा आकार बाहेरून मोजता यावा अशा. धोंडुबाईनं एक सोलून बघितली. दाणा टपोरा, ठिपके उमटायला लागलेले. अजून वीसेक दिवस वेलावर वाळू दिल्या की कडक होणार, वाजणार. तिला इतका आनंद झाला की तिनं ती सोललेली शेंग केरबाला नेऊन दाखवली आणि त्याच्याशी चक्क गोड बोलली.

त्याच आठवड्यात धरणाच्या रस्त्यावरून भोंगा लावलेली रिक्षा फिरली. दारांचं काम लवकर उरकलं होतं. खालच्या गावांना प्यायचं पाणी कमी पडत होतं, म्हणून वरच्या धरणातलं पाणी या धरणात सोडायचं ठरलं होतं. बुडीत क्षेत्रात कुणी राहू नये, गुरंढोरं, सामान हलवावं. भोंग्यावरचा माणूस दोनदोनदा सांगत होता, अगदी व्यवस्थित. त्यात कुणाची फसवाफसवी नव्हती.

“वैनी, आजच वेल उपट,” केरबा म्हणाला. “मुळासकट उपट आणि खोपीत उलटं टांग. वेलातला रस दाण्यात उतरतोय. निम्मं तरी बी धरंल.”

“मला शिकवू नगं. तुज्याआधी ठाव हाय मला.”

“मग उपट की!”

“आज उपटलं तर निम्मं न्हाय, पाव बी धरायचं न्हाय. दाणा अजून दुधात हाय. जितकं दिस वेलावर ऱ्हाईल तितकं बरं. पाणी गडग्याला लागूदे, मग काढतो.”

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. एकेक दिवस मोलाचा होता. पण जीव टांगणीला लागला तिचा. दिवसभर ती गडग्यावर बसून पाण्याकडं बघत राही. आभाळात ढगाचा ठिपका नाही, ऊन रणरणतंय, आणि खाली पाणी येतंय. आवाज नाही, लाट नाही. सकाळी चिंचेच्या खोडापलीकडं होतं, दुपारी अलीकडं. रात्री तिला झोप लागेना. आपण उगाच सगळं लावलं, निम्मं ठेवलं असतं तर आज ही वेळ आली नसती, हे तिला आता दिवसातून शंभरदा आठवू लागलं. सासू असती तर काय म्हणाली असती, या विचारानं तिला घाम फुटायचा.

पण डोंगरातली बाई ती, दरवर्षी पाणी यायच्या आत वर निघून गेलेली; पाणी चढतं एवढंच तिला ठाऊक. सपाट गाळावर पाणी चढत नाही, पसरतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गडग्यापासून लांब होतं. ती वरच्या पट्ट्यातली उरलीसुरली गवारी खुडायला गेली. तासाभरानं खाली बघते तर परड्यात पाणी. गडग्याच्या दगडांतून झिरपून आत शिरलेलं, मांडवाच्या काठ्या पाण्यात उभ्या.

ती धावत खाली आली. “भावजी! आरं या! या लौकर!” तिच्या हाका डोंगरात घुमल्या. लुगडं खोचून ती पाण्यात शिरली आणि वेल उपटायला लागली. गाळ भिजून गिळगिळीत झालेला, पाय गुडघ्यापर्यंत आत जाई, उपसून काढावा तो दुसरा रुते. एकेक वेल मुळासकट ओढायचा, मोळी करायची, गडग्यावर नेऊन टाकायची. केरबा पलीकडून मोळ्या वर ओढत होता आणि ओरडत होता, “बास! बास झालं! भाईर ये!” पाणी कमरेला लागलं. सगळ्यात चांगले वेल मांडवाच्या मधोमध होते. त्यांच्यासाठी ती पुन्हा आत गेली. मांडव कलला, ती त्याच्यासकट आडवी झाली आणि नाकातोंडात गढूळ पाणी गेलं. केरबानं तिला पदराला धरून ओढत बाहेर काढली. तिच्या मुठीत तेव्हाही वेल होते.

वर आणून बसवलं तेव्हा ती थरथरत होती. तशाही अवस्थेत तिनं मोळ्यांकडं बघितलं. चार मोळ्या. चौथा हिस्सा असेल मांडवाचा. बाकी सगळा घेवडा पाण्याखाली हलताना दिसत होता.

“पुरं,” ती दात वाजत असताना म्हणाली. “मूठभर धरलं तरी पुरं. मूठभर बियाचं पोतं हुतंय.”

संध्याकाळपर्यंत ताप चढला, छातीत घरघर लागली. केरबानं बाळासोला फोन केला. तो मित्राचा टेम्पो घेऊन आला. आईला चादरीत गुंडाळून पुढं बसवलं, मागं भांडीकुंडी आणि चार मोळ्या. “वेल जपून न्या रं,” केरबा म्हणाला. बाळासोनं जपूनच नेले. वसाहतीत आल्यावर सगळं घाईघाईनं संयोगिताच्या ताब्यात दिलं आणि टेम्पो तसाच दवाखान्याकडं पिटाळला.

दवाखान्यात पाच-सहा दिवस गेले. सलाईन, इंजेक्शनं, छातीचा फोटो. पाणी फुफ्फुसात गेलं होतं, वय झालं होतं, डॉक्टर पहिले दोन दिवस काही बोलायला तयार नव्हते. बाळासो रात्री तिथंच बाकावर झोपायचा. ताप उतरला तशी धोंडुबाई छताकडं बघत पडून राही आणि मनातल्या मनात वेल मोजत राही. घरात सोप्याच्या आढ्याला टांगले असतील. वारा लागतोय तिथं, धूरही थोडा लागतोय, चांगली जागा आहे. पानं गळली असतील. दाणा कडक होत आला असेल. कुणाला विचारावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. मुळासकट उपटलेला वेल बियासाठीच असतो, हे काय सांगायची गोष्ट आहे?

घरी आणली त्या दिवशी संयोगितानं दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आधार देऊन आत आणली, उशाला तक्क्या दिला. धोंडुबाईनं वर बघितलं. आढ्याला गवारी होती, मिरच्या होत्या, वेल दिसत नव्हते. मागच्या छपरात टांगले असतील, ती मनाशी म्हणाली. उठून बघायचं बळ अंगात नव्हतं.

“आत्ती, आदी जेवा,” संयोगिता ताट घेऊन आली. तांदळाची मऊ भाकरी, कांदा, आणि वाटीभर उसळ, वर तेलाचा तवंग. “दवाखान्यातली ती पाणचट खिचडी खाऊन तोंड इटलं आसंल.”

धोंडुबाईनं घास मोडला. इतके दिवस तोंडाला चव नव्हती. पहिल्याच घासाला जीभ जागी झाली. दाणा मऊ, गोडसर, सालीसकट विरघळणारा. तिचा हात ताटात थांबला.

“ह्यो घेवडा कुठला गं?”

“कुठला म्हंजे? तुमच्या परड्यातलाच की!” संयोगिताचा चेहरा फुलला. “मोळ्या सोडून बगितल्या तर वेल सुकाय लागलतं, शेंगा मऊ पडाय लागल्या. म्हटलं आत्तींनी जिवावर उदार हुऊन काढल्यात, वाया कशा घालवायच्या? तुमी येणार म्हणून काल दुपारधरनं सोलत बसलो. ते वेल म्हशीला टाकलं.”

“सगळ्या सोलल्यास?”

“सगळ्या. एक शेंग वाया घालवली न्हाय बगा. समदा दाणा शिजवला, शेजारीपाजारी वाटला. आत्ती, खरं सांगू? एवढ्या वरसांत पयल्यांदा ह्यो घेवडा पोटभर मिळतोय या घराला. तुमी चांगल्या शेंगा बियाला काढायच्या आणि आमाला किडक्या. काय चव हाय वो!”

धोंडुबाईच्या मस्तकात तिडीक गेली. सगळी शिव्यांची फौज गळ्यापर्यंत आली. मेले, सटवे, चार पिढ्यांचं बी शिजवलंस, आता आणू कुठनं ते, कुणाकडं न्हाय ते आता, कुठंच न्हाय. तोंड उघडलंही होतं तिनं. समोर संयोगिता बसली होती, शाबासकीची वाट बघत. शेंगा सोलून सोलून तिच्या अंगठ्यांची नखं काळी पडली होती. हिला कुणी सांगितलं होतं? दहा वर्षं ही पोर ‘शिकतो की’ म्हणत होती आणि आपण दहा वर्षं ‘हात लावू नगंस’ म्हणत होतो. दुसरीकडं कुणाला मूठभर दिलं असतं तर आज त्याच्या दारात जाऊन मागता तरी आलं असतं. तेही आपण कुणाला दिलं नाही. तिला स्वतःचीच इतकी चीड आली की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“तिखट झालं व्हय, आत्ती?” संयोगिता घाबरली. “पाणी देऊ?”

“न्हाय गं. बरी झालीया.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “लई बरी झालीया. वाढ आणखी.”

बाळासो दवाखान्याची बिलं कपाटात ठेवून, हातपाय धुऊन ताटावर बसला. त्यानं उसळ बघितली, एक घास खाल्ला आणि सहज विचारलं, “आई, बी कुठं टांगलंय मग यंदाचं? का ह्यात...” तो मधेच थांबला. त्यानं आढ्याकडं बघितलं, मग ताटाकडं, मग बायकोकडं. संयोगिताचा हात पातेल्यात होता. तिला काही कळेना, पण नवऱ्याचं तोंड बघून ती पांढरीफटक पडली.

“बी हाय,” धोंडुबाई म्हणाली. आवाज पूर्वीसारखाच, भोंग्याचा. “निम्मं ठेवलंय भोपळ्यात. माजा नेम ठाव हाय न्हवं तुला? जेव गप.”

बाळासोनं मान खाली घातली आणि जेवायला लागला. संयोगिताच्या जिवात जीव आला. ती सासूच्या वाटीत वाढायला वाकली तशी धोंडुबाईनं पातेलंच तिच्या हातून ओढून घेतलं. तळाला चमचाभर उसळ राहिली होती. तिनं ती भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतली, एक दाणाही ठेवला नाही, आणि बराच वेळ चावत राहिली.